बनसोडेचा मुकादम

दिनकर बनसोडे खुर्चीवर नीट टेकून बसलाय असं मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत तीन फिरत्या खुर्च्या होत्या, चांगल्या गादीच्या, आणि हा गडी उभ्यानंच टाइप करायचा, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. चहा बशीत ओतायचा, निम्मा प्यायचा, उरलेला टेबलावर ठेवून दाराबाहेर पसार. दिवसाला पाच-सहा अर्धे चहा मी माझ्या हातानं मोरीत ओतलेत. ओरडलो की म्हणायचा, "दादा, संपवत बसलो तर हिकडं कायतरी अडंल." आता अशा माणसाला काय बोलणार?

मी तेव्हा सांगलीतल्या एका दूध संघात डॉक सुपरवायझर होतो. डॉक म्हणजे टँकर लागतात आणि दूध उतरतं ती जागा. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. दोन जिल्ह्यांतनं दूध यायचं, वरनं कोरेगाव, इकडनं जत, आटपाडी, आणि मधली दोन-तीन ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी आमचं चिलिंग सेंटर, म्हणजे आसपासच्या गावांचं दूध गोळा करून गार करायची जागा. आमच्या चेअरमनना कॉम्प्युटरची हौस आली. एसीची खोली झाली, चपला बाहेर काढायची पाटी लागली, आणि पुण्याहून मशीन आलं त्याच्या मागोमाग हा बनसोडे आला. वय तिशीच्या आत-बाहेर, नेमणूक हंगामी. चौकशी केली तर कोरेगावचा, चेअरमनांच्याच गावचा. मी म्हटलं, झालं, आलं वशिल्याचं तट्टू. पुढं कळलं की वशिला कसला, याचं घर गावाच्या कडेला बुद्धविहाराशेजारी आणि चेअरमनांचं मधोमध, आणि दोघांत बोलणं म्हणजे रस्त्यात गाठ पडली तर रामराम-जयभीम, एवढंच. नोकरी त्यानं परीक्षा देऊन मिळवली होती. मी मनातल्या मनात तट्टू हा शब्द मागं घेतला, त्याला कधी सांगितलं मात्र नाही.

मशीन आल्यावर पहिले दोन महिने आमच्या तोंडाला फेस आला. बाहेरनं एक पेटी दिसते, पण आत सात-आठ कामं निरनिराळी चालायची. एक काम डेटाबेसचं, तिथं सगळे आकडे जाऊन बसायचे. एक काट्याचं, ते टँकरचं वजन वाचायचं. एक फॅटचं, ते दुधात स्निग्धांश किती ते मोजायचं. आणि प्रत्येक सेंटरसाठी एकेक, ते मोडेमवरनं त्या गावाला फोन लावायचं, तिथं किती दूध जमलंय ते ओढून घ्यायचं आणि टँकर किती वाजता सोडायचा ती वेळ परत पाठवायचं. वेळ मिळाल्याशिवाय टँकर सोडायचा नाही असा कडक नियम होता, कारण पूर्वी सगळे टँकर एकदम दारात यायचे आणि दूध उन्हात तापत उभं राहायचं. तर सकाळी मशीन सुरू केलं की ही सगळी कामं एकदम उठायची. काटा वजन पाठवायचा तेव्हा डेटाबेस डोळेच चोळत असायचा. मग वजन कुठं गेलं? देवाला ठाऊक. आणि ड्रायव्हरच्या शिव्या खायला डॉकवर मी.

बनसोडेनं यावर एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं मुकादम. त्याचे वडील ऊसतोडीच्या टोळीत होते. टोळीचा मुकादम पहाटे सगळ्यांना एकदम उठवत नाही, हे त्यानं मला डॉकवर येरझाऱ्या घालत सांगितलं. आधी चूल पेटवणारी उठवायची, मग बैलांना वैरण घालणारा, मग तोडणारे. तोडणारे आधी उठले तर ते भाकरीसाठी नुसते भांडत बसतात. त्याच्या मुकादमाची एक फाईल होती. एकेका ओळीवर एकेक काम, आणि पुढं नंबर. डेटाबेस दहा, काटा वीस, फॅट तीस, मग सेंटरं चाळीसपासनं पुढं. मी विचारलं, एक-दोन-तीन का नाही? म्हणाला, "मधी जागा ठिवावी दादा. माणूस कवाबी येतं."

नंबर लहान तो आधी उठणार. पण नुसता उठून भागायचं नाही. उठलेला नीट उभा राहिला का ते मुकादम बघायचा, आणि तो उभा राहिल्याशिवाय पुढच्याला हाक मारायचा नाही. पडला तर परत उचलायचा. तीनदा पडला तर मात्र पडद्यावर 'सोडला' असं लिहायचा आणि पुढं जायचा. हे 'सोडला' मला लागलं. मी म्हटलं, अरे तीनदाच का? माणुसकी आहे की नाही? तो म्हणाला की तीनदा पडला तो आजारी असतो, त्याला उचलत बसलं की बाकीची टोळी उपाशी मरते, त्याच्याकडं मग सावकाश बघायचं.

कामांच्याही त्यानं टोळ्या बांधल्या होत्या. काटा आणि फॅट ही डॉकची टोळी, सगळी सेंटरं मिळून लायनीची टोळी. एकदा भर गर्दीत फॅटचं यंत्र हँग झालं. आधी असं झालं की सगळं मशीन बंद करून परत लावावं लागायचं, अर्धा तास जायचा. त्या दिवशी बनसोडेनं उभ्याउभ्या चार अक्षरं मारली, डॉकची टोळी तेवढी बसली आणि उठली, तिकडं आटपाडीचा फोन चालूच राहिला. मी खूश होऊन पेढे मागवले. पेढे येईपर्यंत हा जिन्यावर वायर मोजत होता.

काहीही विचारा, त्याचा एक प्रश्न ठरलेला: "कुणाचं कुणावाचून अडतंय?" टँकर आला, भांडण झालं, सुट्टीचा अर्ज आला, याचं तेच. आम्ही त्याची टिंगल करायचो. पण तो हे सगळीकडं लावायचा आणि तिथं पंचाईत व्हायची.

माझ्या नातीचं बारसं होतं. घरी दोन पंगती बसायच्या होत्या. बनसोडेला बोलावलं होतं, तर हा पाहुण्यासारखा यायचं सोडून सकाळीच आला. मांडवात इकडून तिकडं, आचाऱ्याशी बोल, पाण्याच्या टाकीत डोकाव. मी पाहुण्यांचं हळद-कुंकू, पान-सुपारी बघतोय तोवर यानं भांडी घासायला आलेल्या चार बायकांना पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. माझे थोरले चुलते ताटावर बसायला आले आणि ते बघून तोंड फिरवून उभे राहिले. मी रागानं लाल. बाजूला घेऊन म्हटलं, बनसोडे, हे तुमचं मशीन नाही, माझं घर आहे. त्याला माझा राग कळलाच नाही बहुतेक. घाम पुसत म्हणाला, "दादा, ताटं मोजली. एका पंगतीचीच हायत. ह्या उपाशी ऱ्हायल्या तर घासणार कोण, आन् दुसरी पंगत जेवणार कशात?" हिशोब बरोबर होता. चुलते दुसऱ्या पंगतीला जेवले, लखलखीत ताटात, आणि पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

आम्ही दोघं जतला मोडेम बसवायला गेलो होतो, ते वैशाखातले दिवस. वाटेत पाण्याचे टँकर आणि त्यांच्यामागं घागरींच्या रांगा. सेंटर म्हणजे पत्र्याची एक शेड. वीज आली तर आली. गंगव्वा म्हणून पन्नाशीची बाई ते सेंटर सांभाळायची, बोलताना निम्मं कानडी, निम्मं मराठी. वीज गेली की ती बर्फाच्या लाद्या पोत्यात घालून फोडायची आणि कॅनभोवती रचायची. दूध आणणाऱ्या सगळ्या बायकाच, कुणाची एक गाय, कुणाची एक म्हैस, दोन-तीन कोस चालत आलेल्या. बनसोडे त्या शेडमध्ये दोन तास होता. बर्फ किती टिकतो, सकाळी ट्रंक लाईन, म्हणजे बाहेरगावच्या फोनची तार, किती वाजेपर्यंत मोकळी असते, टँकर सुटल्यावर सांगलीत कधी पोचतो, एकेक विचारून हातावर पेनानं लिहीत होता. परत येताना गाडीत एकदम म्हणाला, जत चाळीस. म्हणजे सेंटरांत पहिलं. आठाच्या आत जतला फोन लागला तरच टँकर वेळेत सुटतो, नाहीतर बर्फ संपतो आणि दूध फाटतं. मग आटपाडी. कोरेगाव सगळ्यांत शेवटी, नंबर नव्वद, कारण तिथं मोठा कूलर होता, जनरेटर होता, दूध दुपारपर्यंत सुखानं राहायचं. कुणाचं अडत नव्हतं.

इथं माशी शिंकली.

त्या वर्षी बनसोडेचा कायम नोकरीचा कागद तयार झाला होता, फक्त चेअरमनांची सही व्हायची होती. लग्न ठरलेलं होतं, मुलीकडचे कायमच्या कागदासाठी थांबले होते, हे त्यानं मला एकदाच, तेही जिना उतरता उतरता सांगितलं. त्याच आठवड्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन साताऱ्याला होतं म्हणून तो एक दिवस रजेवर गेला. मशीन सुरू करायचं त्यानं मला शिकवलं होतं, फाईल उघडून नंबर बदलायचंसुद्धा. जाताना म्हणाला, काही बदलू नका, नुसतं लावा.

आणि नेमके त्या दिवशी सकाळी सातला चेअरमन आले, बरोबर गावाकडचे चार पाहुणे, मशीन बघायला. माणूस वाईट नव्हता. मोकळा, गप्पिष्ट, कुणाच्याही घरी मयतीला-लग्नाला पोचणारा. मशीन लावायच्या आधी मी त्यांना ती यादी वाचून दाखवली. डेटाबेस, काटा, फॅट, जत, आटपाडी... कोरेगाव शेवटी. एक पाहुणा हसला. म्हणाला, चेअरमन तुम्ही आणि गाव आपलं शेपटाला व्हय? चेअरमनांचा चेहरा उतरला. आमच्याकडं जत्रेत देवळाला मानाची काठी कुठल्या गावानं आधी भिडवायची यावर पिढ्यान्‌पिढ्या बोलणी बंद होतात, तिथं हे पडद्यावर, पाहुण्यांसमोर. ते मला हळूच म्हणाले, "सावंत, आपलं गाव पहिलं घ्या की. त्यात काय एवढं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. बनसोडे उद्या येतोय, असं सांगू शकलो असतो. पण पाहुणे बघत होते आणि आपल्याला मशीन येतं हे दाखवायची मलाही खुमखुमी होती. मी फाईल उघडली आणि कोरेगावच्या पुढचा नव्वद खोडून एक लिहिला. एक! पहिलं म्हणजे पहिलं. ते डेटाबेसच्याही आधी गेलं हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

मशीन लावलं. मुकादमानं सगळ्यांत आधी कोरेगावला उठवलं. फोन लागला, पहिला आकडा आला, ठेवायला गेलं तर डेटाबेस उठलेलाच नाही. कोरेगाव पडलं. पडद्यावर आलं, पडला. मुकादमानं उचललं, परत फोन, परत पडला. पाहुणे मान वाकडी करून बघतायत. तिसऱ्यांदा पडलं आणि आलं, कोरेगाव सोडला. चेअरमनांच्या गावाला, चेअरमनांसमोर, 'सोडला'. ते पाहुण्यांना घेऊन चहाला बाहेर गेले. मी मशीन बंद केलं, फाईल परत उघडली आणि कोरेगावच्या ओळीत किती वेळा उचलायचं त्याचं तीन होतं तिथं नव्याण्णव लिहिलं. म्हटलं, सोडतो कसा बघतो. लाईन खराब असेल, लागेल कधीतरी.

मग मुकादम कोरेगावला उचलत बसला. एकेक फोन मिनिट-दीड मिनिटाचा. तो उभा राहिल्याशिवाय पुढच्याला हाक नाही, म्हणजे डेटाबेसला नाही, काट्याला नाही, जतला नाही. चहा झाला, पोहे झाले, चेअरमन मला धीर देत होते की होईल होईल. पाहुणे नऊला गेले. मी डॉकवर हातानं वजनं लिहून घ्यायला पळालो, आणि या गडबडीत जत माझ्या डोक्यातनं साफ गेलं. हे मी आज उघड सांगतो. जत विसरलो.

अकराच्या सुमारास डॉकवरचा फोन वाजला. ट्रंकवरनं खरखरत गंगव्वाचा आवाज आला. रडत नव्हती. म्हणाली, "सायब, सकाळपासनं मशीनच्या म्होरं बसलीया. येळ आलाच न्हाई. दूध समदं फाटलं. आता बाया खाली कॅन न्ह्यायाला आल्यात, त्यास्नी काय सांगू?" मी काय सांगितलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बनसोडे आला, सकाळच्या पहिल्या गाडीनं, आईला डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अवस्थेत सोडून. फाईल पाहिली. माझ्याकडं बघितलं नाही. दहा मिनिटांत सगळे नंबर जिथल्या तिथं केले, जतला फोन लागला, आणि हा जिन्यावरनं वर-खाली, वर-खाली. दुपारी चेअरमनांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बनसोडेचा कायमचा कागद होता, पेन उघडं होतं. गेलेल्या दुधाबद्दल जतच्या बायकांनी सह्या-अंगठ्यांचा अर्ज पाठवला होता, तोही शेजारी होता. बनसोडेनं सकाळी दिलेल्या कारणात कोरेगावच्या ओळीतलं नव्याण्णव होतं, चेअरमनांनी विचारलं की ते कुणी लिहिलं. मी बोलणार तोच बनसोडे म्हणाला की ते मशीनमध्ये कळत नाही. चूक माझीच आहे, म्हणाला. डेटाबेसच्या आधी कुणाला उभंच करायचं नाही, ही अट मुकादमाला मी घालायला हवी होती. ती आज घातलीय.

चेअरमन सुटल्यासारखे हसले. झालं ते झालं, म्हणाले. डेटाबेस पहिला राहू दे, पण सेंटरांत आपलं गाव वर घ्या, चाळीसवर, जतच्या आधी. दोन मिनिटांचा तर फरक आहे. आणि पेन उचललं.

बनसोडेनं सांगितलं की रोज दोन मिनिटं नसतात. कोरेगावचं दूध जास्त, नोंदी जास्त, सगळं ओढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ट्रंक भरते. हे तो शांतपणे, आकडे देऊन बोलला. चेअरमन म्हणाले की आकडे मलाही कळतात, पण गावाला तोंड मलाच दाखवायचंय, आणि तूही त्याच गावचा आहेस. तेव्हा बनसोडेचे हलणारे पाय थांबले.

"साहेब, त्याच गावचा हाय म्हणूनच सांगतो. आपल्या गावात पंगतीला आमची माणसं शेवटाला बसायची. शेवटाला काय उरतं ते माझ्या आज्यानं खाल्लंय. जत शेवटाला बसणार न्हाई. माझ्या हातानं तर न्हाईच."

चेअरमनांनी पेनाचं टोपण लावलं. ओरडले नाहीत, रागावले नाहीत, कागद खणात ठेवला आणि म्हणाले, बघू पुढं. मी तिथंच उभा होतो. माझं तोंड होतं, जीभ होती. लिहिणारा मी आहे एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मला कायम होऊन सोळा वर्षं झाली होती, पोरीचं लग्न झालं होतं, माझं कुणाचं काय अडलं असतं? तरी मी गप्प राहिलो. भित्रा होतो, दुसरं कारण नाही.

महिनाअखेरीला बनसोडेची हंगामी नेमणूक संपली, ती वाढवली नाही. लग्नाचं मोडलं की लांबलं ते मी विचारलं नाही, विचारायचं तोंड नव्हतं.

तो निघाला त्या दिवशी मी सांगली स्टँडवर गेलो. कोरेगावला घरी जाऊन पुढं पुण्याला, तिथं एका कारखान्यात काम बघणार होता. साताऱ्याची गाडी लागलेली. याची ट्रंक टपावर, हातात पिशवी. मी गाडीत चढलो आणि एकदाचं बोलून टाकलं की बनसोडे, ते नव्याण्णव माझं होतं.

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "ठावं हाय दादा. कुणी कवा काय बदललं ते समदं मशीन लिवून ठिवतं. नावानिशी."

मग केबिनमध्ये का नाही बोललास, मी विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, राग नव्हता, उलट मला हे कसं कळत नाही असं काहीतरी होतं.

"साहेब गाव वर घ्या म्हणणार हे दिसत हुतं, म्हंजी मी जाणारच हुतो. तुमालाबी मशीनवरनं काढलं असतं तर सकाळी मशीन लावायला कोण ऱ्हायलं असतं? चेअरमननी दुसरा बसवला असता, त्यानं गाव वर घ्येतलं असतं." आणि लगेच, घाईत, "जत चाळीसच हाय न्हवं?"

आहे, मी म्हणालो. मी आहे तोवर राहील.

त्यानं मान हलवली, आणि काहीतरी आठवल्यासारखा उठला, मला ओलांडून खाली उतरला, मागच्या शिडीनं टपावर चढून ट्रंकेची दोरी ओढून बघितली. कंडक्टर शिव्या घालत होता. मीही उतरलो, तो वरनं येईल मग माफी मागू म्हणून दारापाशी उभा राहिलो. तो खाली उतरला तो पुढच्या दारानं आत गेला, ड्रायव्हरला काहीतरी विचारत, आणि घंटी वाजली. गाडी वळताना तो आत उभा दिसला, माणसांना सरकवत, कुणा म्हातारीचं गाठोडं वर ठेवत. मला माफी मागायची होती, ती राहिली. पुढं त्याची गाठ पडली नाही.